‘डोकं नाही’ असं सांगण्याआधी

(सहायकांच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण. बोर्डिंगचे शिक्षक आणि अधीक्षक या वेळी हजर होते. मुलांची व गावांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.)



मला वीस मिनिटे दिली आहेत. एकतीस वर्षे शाळेत काढल्यामुळे तास संपल्याची घंटा मला ऐकू येत नाही. तेव्हा सेक्रेटरीसाहेबांनी वेळ झाल्यावर खूण करावी.

त्यांनी मला विषय दिला होता ‘आदिवासी मुलांची बुद्धिमत्ता’. मी तो जरा बदलून घेतला आहे. मुलांची बुद्धिमत्ता कशी वाढवावी हे सांगणारे माझ्याहून जाणते लोक पुष्कळ आहेत. ती समोर असून कशी दिसत नाही, हे मात्र मी खात्रीने सांगू शकते, कारण ते काम मी स्वतः बरीच वर्षे केले.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. आमच्याकडे रोजची भाकरी बाजरीची, आणि भात म्हणजे ताटात वाढलेला, शिजवलेला भात. डी.एड. झाल्यावर नेमणूक झाली ती डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, पालघर जिल्हा २०१४ साली झाला. शाळा दोन शिक्षकी, वर्ग चार, खोल्या दोन. पहिल्याच वर्षी दुसरीच्या मुलांना मी विचारले, “भात कशापासून होतो?” मला उत्तर हवे होते, तांदळापासून. एक मुलगी उठून म्हणाली, “भात शेतात होतो. भातापासून तांदूळ होतो.” मी म्हटले, “उलटं सांगितलंस. बस खाली.”

आपल्यापैकी कोकणातले जे आहेत ते आत्ताच हसले. त्या भागात भात म्हणजे शेतातले पीक, टरफलासकटचे धान्य. ते कांडले की तांदूळ. मुलगी बरोबर होती, सगळा पाडा बरोबर होता, एकटी बाई चूक होती. पुढे कापणीच्या दिवसांत गावकऱ्यांच्या बोलण्यातून मला उलगडा झाला. एखादा शब्द माहीत नसणे हा काही गुन्हा नाही. पण तोवर मी माझ्या वहीत त्या मुलीच्या नावापुढे ‘आकलन कमी’ असे लिहून मोकळी झाले होते, आणि उलगडा झाल्यावरही तो शेरा खोडायचे मला सुचले नाही. ती मुलगी नंतर वर्गात फारशी उठून बोलली नाही.

आपली मुले पहिलीत येतात तेव्हा वारली, कोकणा किंवा कातकरी बोली घेऊन येतात. पुस्तकातली मराठी ही त्यांची दुसरी भाषा असते. आपल्या नातीला उद्या तमिळ शाळेत पहिलीला घातले तर ती काय करील? गप्प बसेल. खिडकीबाहेर बघेल. विचारलेल्या प्रश्नाला उशिरा आणि अर्धे उत्तर देईल. तिला कोणी मंद म्हटले तर आपण ऐकून घेऊ का?

काही वर्षांनी मी माझ्या जुन्या वह्या काढून बघितल्या. ‘हुशार’ म्हणून ज्यांची नावे मी दरवर्षी केंद्रप्रमुखांना दिली होती ती कोणाची होती? अंगणवाडी सेविकेची मुलगी, दुकानदाराचा मुलगा, पोलीस पाटलाची दोन नातवंडे. मुले चांगलीच होती, त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण ती यादी बुद्धीची नव्हती. ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते त्यांची ती यादी होती.

आता एका मुलाची गोष्ट सांगते. ही सांगायला मला अजून जड जाते.

तिसरीत होता. कपडे मळके, पाटी फुटकी, हजेरी निम्मी. वजाबाकी त्याला येत नव्हती. पन्नासमधून तेवीस वजा कर म्हटले की तो तेहतीस लिहायचा. पाचातून दोन गेले तीन, आणि तिनातून शून्य गेले तीन. हातच्याची वजाबाकी मी त्याला किती वेळा समजावली असेल, मोजदाद नाही. शेवटी मी त्याला मागच्या रांगेत ‘कच्च्या’ गटात बसवले.

जूनच्या अखेरीस आठवडे बाजारात तो आईबरोबर भाजी विकायला बसलेला दिसला. मी सहा रुपयांचा एक असे काकडीचे तीन वाटे घेतले, पाच रुपयांची शेवळं घेतली आणि पन्नासची नोट दिली. आईने पोराकडे बघितले. त्याने आधी दोन रुपये माझ्या हातावर ठेवले, मग पाचचे नाणे, मग वीसची नोट. झाले. सत्तावीस. तेवीसचे पंचवीस, पंचवीसचे तीस, तीसचे पन्नास, असा तो वर चढत गेला होता. कागद नाही, हातचा नाही, आणि मी पर्समध्ये पैसे ठेवेपर्यंत त्याने पुढच्या गिऱ्हाइकाचा हिशेब सुरूही केला होता. हे तेच गणित होते बघा, पन्नास वजा तेवीस. वर्गात ज्याचे तेहतीस होत होते ते.

मी आनंदाने नाचायला हवे होते. मी काय केले, तर दुसऱ्या दिवशी त्याला उभे करून रागावले. “बाजारात येतं मग शाळेत का येत नाही? लक्षच नाही तुझं.” म्हणजे आधी मी त्याला मठ्ठ समजत होते, आता आळशी समजू लागले. त्याची रीत माझ्या रीतीहून वेगळी आहे आणि ती बरोबर आहे, हे माझ्या डोक्यातच आले नाही.

ब्राझील देशात रेसिफे नावाचे शहर आहे. तिथे काही संशोधकांनी रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या मुलांची अशीच परीक्षा घेतली, ते १९८५ साली छापले गेले. मुले पाचच होती, नऊ ते पंधरा वर्षांची. गिऱ्हाईक बनून विचारलेले हिशेब त्यांनी शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर केले. तीच गणिते कागदावर आकड्यांत मांडून दिली तेव्हा शंभरातली सदतीसच बरोबर आली. माझी मुलगी कॉलेजात शिकवते, तिने हे मला निवृत्तीनंतर सांगितले. ऐकून मी त्या रात्री नीट झोपले नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते ऐका. दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवरची माणसे वीटभट्टीवर जातात, भिवंडी-वसईकडे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी शेठकडून उचल घेतलेली असते, ती विटा पाडून फेडायची. त्याचा बाप उचल घेण्याआधी शाळेत आला. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, “बाई, पोराला मागं ठेवू का आजीकडं? शिकंल का तो?”

बापाने एवढे विचारायला येणे ही मोठी गोष्ट होती, हे मला आज कळते. मी म्हणाले, “गणित त्याला जमत नाही. बाकी तुम्ही बघा.”

त्याने बघितले. पोराला घेऊन गेला.

पुढच्या पावसाळ्यात तोच बाप मला बाजारात भेटला आणि मोठ्या कौतुकाने सांगू लागला. भट्टीवर विटांचा हिशेब हजारावर असतो. शेठच्या माणसाच्या वहीत यांच्या विटा तीन हजार कमी लागल्या होत्या. दहा वर्षांच्या पोराने रोजच्या रोज किती विटा पडल्या ते दिवस मोजून तोंडी सांगितले, कुठल्या दिवशी चिखल झाला म्हणून काम बंद होते तेही सांगितले, आणि वही दुरुस्त करून घेतली. “लई डोक्याचा आहे पोर,” बाप म्हणाला, “आता त्याला संगतीच ठेवतो.”

म्हणजे ज्या डोक्यासाठी मी त्याला शाळेत ठेवून घ्यायला हवे होते, त्याच डोक्यासाठी बापाने त्याला भट्टीवर ठेवून घेतले. बापाला मी दोष देत नाही. त्याला ते डोके दिसले तरी. मी रोज समोर बसून बघितले नाही.

आता तो तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, टेंपो चालवतो. मध्ये एकदा एस.टी. स्टँडवर त्याने मला ओळखले, माझी पिशवी गाडीत ठेवून दिली. मी म्हटले, “अरे, तुला मी उगीच रागवायचे त्या हातच्यावरून.” तर हसून म्हणतो, “आता हातचा मोबाईलच घेतो, बाई.” त्याच्या मनात काही किल्मिष नव्हते. माझ्या आहे.

शिक्षकांची म्हणून जी चूक आहे ती या दोन गोष्टींत जवळजवळ सगळी आली. तरी तिच्या आणखी दोन-चार बाजू आहेत, त्या सांगते, कारण आपल्या बोर्डिंगच्या शिक्षकांना त्या रोज भेटतात.

हुशार मूल म्हणजे सगळ्या विषयांत पहिले, असे आपण धरून चालतो. श्रीनिवास रामानुजन यांना १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली होती. गणितापलीकडे लक्षच नव्हते, इतर विषयांत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या दुसऱ्या कॉलेजातही तेच झाले. १९१३ साली त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले नसते तर आज आपण त्यांचे नाव घेतले असते की नाही कोण जाणे. आपल्या पाड्यावरच्या मुलाने कोणाला पत्र लिहावे? त्याचे पत्र वाचणारा त्याचा शिक्षकच असतो.

हुशार मूल शहाण्यासारखे वागते, हीही अशीच एक समजूत. शिक्षकाचे ऐकणारे, वही नीटनेटकी ठेवणारे, हात वर करून बोलणारे मूल आपल्याला आवडते. मलाही आवडते. पण ज्याचे काम पाच मिनिटांत उरकते ते मूल उरलेली पंचवीस मिनिटे काय करणार? शेजाऱ्याला चिमटे काढणार. आमच्या शाळेत एका खोलीत दुसरी आणि चौथी बसायची. मी चौथीला प्रश्न विचारला की दुसरीतली एक मुलगी तिकडून उत्तर फेकायची. मी तिला दरडावायची, “तुझं तू बघ.” किती सोपे होते तिला उचलून दोन हात पुढे, चौथीच्या रांगेत बसवणे! त्याला सरकारी परवानगी लागत नाही, पैसा लागत नाही. दोन शिक्षकी शाळेत एवढा तरी फायदा आहे, वरचा वर्ग त्याच खोलीत असतो. मला ते सुचायला आठ वर्षे लागली.

याच्या उलट एक प्रकार आहे. मूल हुशार म्हणून ध्यानात आले की आपण त्याला मॉनिटर करतो. मग ते वह्या गोळा करते, पाढे म्हणवून घेते, धाकट्यांना सांभाळते, गुरुजींसाठी चहा आणते, आणि स्वतः नवीन काहीच शिकत नाही. हुशार आहे, त्याचे ते पुढे जाईलच, असे म्हणून आपण त्याला सोडून देतो. ज्याच्या घरी वीज आहे, पुस्तके आहेत, शिकलेला काका आहे, ते कदाचित जाईलही. ज्याच्या घरात पुस्तक नावाची वस्तूच नाही ते कशाच्या आधाराने जाणार?

आणखी एक समजूत आहे ती जरा नाजूक आहे, आणि ती आपण चांगल्या मनाने बाळगतो म्हणून जास्त त्रास देते. आदिवासी मुले चित्रात, नाचात, धावण्यात हुशार, असे आपण कौतुकाने म्हणतो. आमच्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. लहानपणी आई गेल्यावर ते कित्येक वर्षे बोलत नव्हते, मातीवर चित्रे काढून सांगायचे, असे त्यांच्याबद्दल सांगतात. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. न बोलणाऱ्या मुलात काय असू शकते हे समजायला त्यांच्यासारखे उदाहरण नाही. पण म्हणून प्रत्येक वारली पोराच्या हातात पांढरा रंग देऊन आपण मोकळे होऊ नये. मघाशी मुलींनी तारपा नाच केला, आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्याच मुलींपैकी एखादीला भूमिती आवडत असेल, असा विचार टाळ्या वाजवताना आपल्या मनात येतो का?

एक सावधगिरीही सांगायला हवी. हे सगळे उशिरा कळल्यावर मला दोन-तीन वर्षे प्रत्येक वांड पोरात रामानुजन दिसू लागले होते. त्यातला एक, ज्याच्यावर मी फार वेळ घालवला, तो नुसताच वांड निघाला. आज तो पोलिसात आहे आणि चांगला पोलीस आहे. तेव्हा खोडकर म्हणजे बुद्धिमान असा नवा नियम कोणी करू नये. परीक्षा घेतली म्हणजे सगळे कळते असेही नाही. अमेरिकेत १९२१ साली टर्मन नावाच्या प्राध्यापकांनी दीड हजार अतिबुद्धिमान मुले निवडली. निवडीची सुरुवातच शिक्षकांनी दिलेल्या नावांपासून होत असे, मग चाचणी. त्या चाचणीत कमी पडले म्हणून घेतले नाहीत अशा दोघांना, शॉक्ली आणि अल्वारेझ यांना, पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. (शॉक्ली यांनी नंतर वंशांविषयी जी मते मांडली ती मला अगदी घाणेरडी वाटतात, पण तो विषय वेगळा.)

तरीही सगळ्यांना संधी देणे आणि शिक्षकाने निवडलेल्यांना संधी देणे यांत फरक पडतो. अमेरिकेतच फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड नावाचा एक जिल्हा आहे. तिथे बुद्धिमान मुलांच्या खास वर्गासाठी आधी शिक्षक किंवा आईवडील नाव सुचवत. २००५ पासून त्यांनी दुसरीच्या सगळ्याच मुलांना एक चाचणी द्यायला सुरुवात केली, नुसत्या आकृत्यांची, भाषा फारशी न लागणारी. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या मुलांचे खास वर्गात निवडले जाण्याचे प्रमाण दुपटीहून जास्त झाले, कृष्णवर्णीय मुलांचेही पुष्कळ वाढले. मुले तीच होती, शाळाही त्याच. पुढे पैशांची ओढाताण झाली, सर्वांची चाचणी बंद पडली आणि प्रमाण पुन्हा खाली आले. तिथले शिक्षक काही वाईट नसतील. माझ्यासारखेच असतील.

आपल्याला तर हे पवित्र शास्त्रातून ठाऊक असायला हवे होते. शमुवेल संदेष्टा घरी आला तेव्हा इशायाने आपले सात मुलगे त्याच्यापुढून चालवले. धाकटा मेंढरांकडे होता, त्याला बोलवावे असे प्रत्यक्ष बापालाही वाटले नाही. आमची कितीतरी मुले अशी शेळ्यांकडे असतात, आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे नुसती गैरहजेरी लागते.

आता सहायक बंधुभगिनींनो, थोडे आपल्याविषयी. रागावू नका.

सेक्रेटरीसाहेबांना पत्रांची उत्तरे लिहायला मी मदत करते, त्यामुळे आपली पत्रे मी वाचते. त्यांत एक वाक्य वारंवार येते, की आम्हाला एका हुशार आणि गरजू मुलाचा खर्च उचलायचा आहे. मागणी प्रेमाची आहे. कष्टाचे पैसे वाया जाऊ नयेत असे कोणालाही वाटणार. पण त्या वाक्याचे पुढे काय होते ते सांगते. ऑफिस बोर्डिंगला कळवते, हुशार मुलांची नावे पाठवा. बोर्डिंग शाळेला विचारते. शाळा पहिले पाच नंबर लिहून देते. मग सौरदिवा त्या पाचांना, सरावाची पुस्तके त्या पाचांना, परीक्षेच्या गावी जायचे गाडीभाडे त्या पाचांना. दुसऱ्या वर्षी तीच पाच पुन्हा पहिली येतात आणि आपण म्हणतो, बघा, निवड बरोबर होती.

नवोदय विद्यालयाचे उदाहरण घ्या. पाचवीच्या मुलांनी परीक्षा द्यायची, सहावीपासून मोफत निवासी शाळा. निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. अर्जाला फी नाही, प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, आणि निम्मे गुण आकृत्यांच्या प्रश्नांना आहेत, तिथे पुस्तकी मराठीवाचून फारसे अडत नाही. पण परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. गेल्या वर्षापर्यंत आपल्या बोर्डिंगमधून पाच अर्ज जात. यंदा शिक्षकांनी पाचवीतल्या सगळ्या अठ्ठावीस मुलांचे अर्ज भरले. त्यांना त्यासाठी पुष्कळ कागदपत्रे गोळा करावी लागली, जातीच्या दाखल्यांसाठी तहसील कचेरीत चकरा माराव्या लागल्या. त्यांचे मी सर्वांसमोर आभार मानते. अठ्ठावीस मुलांचे गाडीभाडे आणि सरावाची पुस्तके यांची तजवीज अजून व्हायची आहे. यंदा आपण एका मुलाचे नाव न मागता त्या वर्गासाठी द्याल का? बदल्यात गुणपत्रिकेचा फोटो येणार नाही, हे आधीच सांगते. पत्र येईल.

त्या अठ्ठाविसांत एक कातकरी मुलगी आहे. अधीक्षकबाई समोर बसल्या आहेत, त्यांना विचारूनच बोलते आहे. पोर भांडखोर, वह्या अर्धवट, सहामाहीला चाळीस टक्क्यांच्या आसपास. हुशारांच्या यादीत तिचे नाव कधी नव्हते. ऑगस्टमध्ये मी मुक्कामाला गेले तेव्हा ती बादली आणि चिंधी घेऊन भिंत घासत होती. काय केलेस म्हणून विचारले तर बोलेना. दुसऱ्या मुलींनी सांगितले, कोळशाने भिंतीवर रेघा मारल्या म्हणून शिक्षा झाली आहे.

मी रेघा बघितल्या. खिडकी पूर्वेची, समोरच्या भिंतीला तिचा बिछाना. जूनमध्ये आल्यापासून ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी न्याहारीची पावणेआठची घंटा झाली की खिडकीच्या एका गजाची सावली जिथे पडे तिथे ती खूण करत होती. पावसाचे दिवस, खुणा थोड्याच होत्या. पण प्रत्येक नवी खूण आधीच्या खुणेच्या उजवीकडे. घंटा तीच, खिडकी तीच, मग सावली का सरकते, असे तिने वर्गात विचारले होते. उत्तर मिळाले की हे पुस्तकात नाही.

अधीक्षकबाईंनी त्याच दिवशी शिक्षा मागे घेतली. त्यांचे मन मोठे आहे, माझ्या वेळी मला एवढे जमले नव्हते. निम्म्या खुणा पुसल्या गेल्या होत्या, त्या पोरीने आठवून पुन्हा घातल्या, आणि आता तो भिंतीचा पट्टा चुना न लावता ठेवायचे ठरले आहे. ओळ आता तीन हातांची झाली आहे. बाईंनी तिला एक वही दिली आहे. ती एवढी एकच वही पूर्ण ठेवते.

गेल्या आठवड्यात तिचा बाप येऊन गेला. शाळेतल्या कोणीतरी त्याला पूर्वीच सांगितले होते की पोरीला अभ्यासाचे डोके नाही. तो म्हणाला, नापासच व्हायची असेल तर दिवाळीनंतर भट्टीवर नेतो, धाकट्याला सांभाळायला कोणीतरी लागतेच. नवोदयची परीक्षा थंडीत आहे. भट्टीवर गेली तर परीक्षा बुडाली, आणि ही परीक्षा पुन्हा देता येत नाही हे मी मघाशी सांगितले.

त्याने अजून उचल घेतलेली नाही. एकदा उचल घेतली की मग त्याच्याशी बोलण्यात अर्थ राहत नाही, कारण मग तो स्वतःचा राहत नाही. म्हणून येत्या बुधवारी बाजार उठल्यावर अधीक्षकबाई आणि मी त्याच्या पाड्यावर जाणार आहोत. धाकट्या भावाला बोर्डिंगशेजारच्या अंगणवाडीत ठेवता येईल का, त्याची आजी येऊन राहील का, ही बोलणी करायची आहेत. आजीच्या राहण्याची सोय होईल असे पाळकसाहेबांनी सांगितले आहे. तो ऐकेल की नाही, मला माहीत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एक बाप माझ्या दारात येऊन उभा राहिला होता. या वेळी मी त्याच्या दारात जाऊन उभी राहणार आहे. आपण प्रार्थनेत आठवण ठेवा.

मुलीने मला परवा विचारले, “बाई, सावली अशीच जात राहिली तर भिंत संपेल. मग?” डिसेंबरच्या अखेरीस ती थांबेल आणि परत फिरेल, हे मी तिला सांगितलेले नाही. तिने ते स्वतःच बघावे असे मला वाटते, आणि त्यासाठी ती डिसेंबरमध्ये त्या भिंतीपाशी असायला हवी.

सेक्रेटरीसाहेब केव्हापासून खूण करत आहेत. थांबते. सर्वांना सलाम.